सेकंड हँड क्रूझर घेताय? क्रोमच्या चकाकीआधी आरसी बुक पाहा

ताडोबाच्या रस्त्यावर जुनी थंडरबर्ड किंवा अ‍ॅव्हेंजर रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण स्टॅम्पपेपरवर सौदा उरकून ‘नावावर नंतर करू’ म्हणणे दोघांनाही महागात पडते. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असल्यास बँकेची एनओसी व फॉर्म ३५ही. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे गाडी विकूनही विकणारा सुटत नाही. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत नावावर करावा. नाहीतर रात्री जंगलात रानडुक्कर आडवे आले, तर दुरुस्तीचा खर्च खिशातूनच. एमएच-३४ असो वा एमएच-३३, आधी कागद, मग चावी.