आधी दार, मग कुलूप

“लोकांनाच किंमत नाही हो.” आमच्या वसाहतीच्या सभेत हे वाक्य ठरलेलं. जिन्यात पिचकाऱ्या, गच्चीवरच्या टाकीला झाकण नाही, घरगल्लीत तुंबलेलं गटार. एवढं दाखवलं की निकाल तयार असतो: यांना राजवाडा दिला तरी उकिरडा करतील, सगळं पाडून टाका. हा निकाल मला साफ अमान्य आहे.

असं म्हणणारे अमेरिकेतल्या सेंट लुइसची प्रुइट-आयगो वसाहत पुढे करतात. अकरा मजली ३३ इमारती, १९५०च्या दशकात बांधलेल्या आणि १९७२पासून सुरुंग लावून पाडलेल्या. भाडेकरूंनीच वाटोळं केलं, असं सांगितलं गेलं. पण तिथली देखभाल भाड्याच्या पैशातून भागवायची होती. माणसं उपनगरांकडे निघाली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं आणि दुरुस्ती थांबली. जमाखर्चच कोलमडलेला असताना दोष राहणाऱ्यांच्या सवयींना का द्यायचा?

त्याच शहरात, त्याच वास्तुविशारदांच्या कचेरीने आखलेली कॉकरन गार्डन्स १९५३मध्ये उभी राहिली. तिचीही रया गेली होती. तिथेच वाढलेल्या बर्था गिल्की यांनी शेजाऱ्यांना विचारलं, आपल्याला आपल्या हातांनी काय करता येईल? उत्तर आलं, कपडे धुण्याची खोली. तिचं दारसुद्धा चोरीला गेलेलं. लोकांनी पैसे जमवून आधी दार आणलं, मग कुलूप, मग रंग. नंतर एकेका मजल्याचे व्हरांडे रंगवायला घेतले. वर्गणीतून आणलेल्या दारावर ज्याचा त्याचा डोळा असतो, हे चाळीत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. १९७६मध्ये वसाहतीचा कारभारच रहिवाशांच्या हाती आला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सरकारचं काम आपण केलं तर सरकार अंग काढून घेईल, असं माझे जुने कामगार चळवळीतले मित्र म्हणतात. त्यांची भीती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. सेंट लुइसमधल्याच सरकारी घरांच्या भाडेकरूंनी १९६९मध्ये कित्येक महिने भाडं रोखून धरलं होतं. त्याच वर्षी केंद्राच्या कायद्याने सरकारी घरांच्या भाड्याला उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली. भांडणं आणि रंगकाम एकाच शहरात, काही वर्षांच्या अंतराने झाली. एकाने दुसऱ्याचं काही बिघडवलं नाही.

कॉकरनचा शेवट लपवणार नाही. १९९८मध्ये करांच्या कारभारातील गोंधळाचं कारण देऊन कारभार रहिवाशांकडून काढून घेतला गेला. पुढे वसाहत झपाट्याने उतरणीला लागली आणि अखेर पाडली गेली. हिशेबात ढिलाई झाली तर वर्षानुवर्षांची मेहनत कुणीही हिरावून घेऊ शकतं, म्हणून वर्गणीची पावती आणि वह्यांची तपासणी मला रंगाच्या डब्याइतकीच महत्त्वाची वाटते.

येत्या रविवारी आमच्या सभेत टाकीच्या झाकणाचा विषय आहे. घरटी वर्गणी काढायची, पावत्या फाडायच्या, हिशेब जिन्याच्या तोंडाशी लावायचा. आणि गटाराचा अर्ज त्याच सभेत सगळ्यांच्या सह्यांनी लिहायचा. सोमवारी तो घेऊन आम्ही दहा जण कार्यालयात जाणार आहोत. आवक क्रमांक मिळाल्याशिवाय तिथून उठायचं नाही, असं आत्ताच ठरलंय.