टोपणाचा रंग

मधुमेह हें नांव चरकसुश्रुतांच्या ग्रंथांत आहे. त्यावरील इन्सुलिन मात्र शंभर वर्षांचेंच. १९२१ सालीं कॅनडांतील टोराँटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं तें स्वादुपिंडांतून काढिलें, आणि १९२२ च्या जानेवारींत एका चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोचण्यांत आलें. लॅटिन भाषेंत ‘इन्सुला’ म्हणजे द्वीप. स्वादुपिंडांतील ज्या पेशीपुंजांत हा रस उत्पन्न होतो ते बेटांसारखे दिसतात, यावरून हें नांव पडलें. शब्दाची व्युत्पत्ति सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं, हें वाचक जाणतातच.

आज लिहावयाचें आहे तें कुपीवरील दोन आंकड्यांविषयीं. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचें मिळतें: एका मिलिलिटरांत ४० युनिटांचें आणि १०० युनिटांचें. कुपींतलें पुष्कळदां ४० चें, पेनच्या नळींतलें बहुधा १०० चें. पिचकाऱ्याही त्याप्रमाणें दोन जातींच्या. ४० च्या पिचकारीचें टोपण तांबडें व १०० च्या पिचकारीचें नारिंगी. संध्याकाळच्या मंद उजेडांत या दोन रंगांत फरक तो किती! तांबड्या टोपणाच्या पिचकारींत १०० चें औषध दहाव्या खुणेपर्यंत ओढिलें, तर अंगांत दहा नव्हे, पंचवीस युनिटें जातात. घाम, कंप, भ्रम, आणि वेळीं साखर पोटांत न गेल्यास बेशुद्धि. उलट घोटाळा झाल्यास दहाच्या जागीं चारच जातात, व साखर चढत राहते. त्रैराशिक सोपें आहे. परंतु तें सुई टोचण्यापूर्वीं कोणी मांडीत नाहीं. पेनच्या नळींतून पिचकारीनें औषध ओढण्याची युक्ति तर मुळींच करूं नये.

अमेरिकेंत माणसांसाठीं ४० चें इन्सुलिन आतां मिळत नाहीं, पशुवैद्यांकडे मिळतें. तेव्हां तिकडून येतांना चिरंजीवांनीं तीर्थरूपांसाठीं मायेनें कुपी आणिली, तर ती घरच्या जुन्या पिचकारीस चालणार नाहीं.

एकत्र कुटुंबांत दुसराही एक धोका आहे. सासूबाई व थोरले दीर दोघेही मधुमेही. पेन एकच, सुई वेगळी, अशी काटकसर आम्हांस ठाऊक आहे. टोचतांना रक्ताचा अंश उलट नळींत शिरूं शकतो. मग सुई बदलून काय उपयोग? याच कारणास्तव अमेरिकेच्या औषधप्रशासनानें २०१५ सालीं अशा पेनांवर व वेष्टनांवर ‘एकाच रोग्यासाठीं’ ही सूचना छापणें बंधनकारक केलें. घरांत प्रत्येकाच्या पेनवर नांवाची चिठ्ठी चिकटवावी.

न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसमध्यें ठेवावी, बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. गोठलेलें औषध टाकून द्यावें. उघडल्याची तारीख कुपीवर लिहावी, कारण पुढें बहुतेक प्रकार सुमारें चार आठवडेच टिकतात. नेमकी मुदत आंतील पत्रकांत असते. दुकानदारानें निराळ्या वेष्टनाची कुपी दिली, तर आधीं आंकडा वाचावा, डॉक्टरांस विचारावें, आणि जुन्या पिचकाऱ्या त्याच डब्यांत राहूं देऊं नयेत.