आधी किक नको!

आमच्या ताईच्या चाळीत जिन्याखाली दाजींची जुनी बुलेट उभी आहे. दाजी गेल्याला आठ वर्षे झाली, तेव्हापासून ती ताडपत्रीखालीच. मागच्या महिन्यात भंगारवाल्याने ती किलोच्या भावाने मागितली. ताई काही बोलली नाही, फक्त ताडपत्रीची दोरी पुन्हा आवळून बांधली. भाचा मात्र उतावीळ. म्हणाला, "मामा, पेट्रोल टाकतो, दोन किक मारतो, होईल चालू!" आम्ही म्हटले, "बाबा, किक सगळ्यात शेवटी."

वाचकहो, अशी गाडी आपल्यापैकी अनेकांच्या दारात असेल. म्हणून आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो.

गाडी वर्षानुवर्षे बंद राहिली की दमट हवेने सिलिंडरला आतून गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. अशा वेळी जोर केला तर रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडे पडतात आणि खर्च बोकांडी बसतो. आम्ही प्लग काढून त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन टॉप गिअर टाकला व मागचे चाक हाताने हळूहळू पुढेमागे केले. हलेना. भाचा किकवर उभा राहायला निघाला, त्याला थांबवले. पुन्हा ऑइल सोडले. तिसऱ्या दिवशी चाक फिरले.

बुलेटची एक खोड आहे. तिची ऑइलची टाकी इंजिनातच असते. गाडी उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपून क्रँककडे साचते. ते सगळे काढून नवे भरले. आयटीआयला जाणाऱ्या भाचीने पॉइंट पॉलिश पेपरने घासले. बॅटरी नवी घातली. पेट्रोल भरण्याआधीच प्लग हेडला टेकवून ठिणगी पाहिली.

टाकीतल्या जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येत होता. ते फेकून टाकी धुतली, कार्बोरेटरचे जेट साफ केले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते, जुने रबरही खराब करते. म्हणून पेट्रोलची नळी व वॉशर बदलले.

रविवारी गाडी ढकलत मैदानात नेली. जिन्याखाली किंवा बंद जागेत इंजिन चालू करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो.

बुलेटची किक उलटली तर पाय मोडू शकतो, म्हणून पद्धत पाळावी. चावी लावून किक हळू दाबायची. पाय जड लागला की डिकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक किंचित पुढे सरकवायची. मग लिव्हर सोडून, किक वर येऊ देऊन एकदाच पूर्ण मारायची. भाच्याने घाईत चार वेळा मारली. मग भाची पुढे आली. तिने काटा मध्यावर आणला, आणि तिसऱ्या किकेला 'डग... डग... डग' सुरू झाले. ॲक्सिलरेटर न पिळता, हेडच्या नळीचा बोल्ट जरा सैल करून ऑइल वर येते हे पाहिले.

ताई मैदानाच्या कडेला उभी होती. इतकेच म्हणाली, "आवाज तोच आहे."

ब्रेक, टायर आणि केबल तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणार नाही. शिवाय आरसी अजून दाजींच्या नावावर आहे. ती ताईच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, त्यासाठी गाडीची तपासणी, वर विमा आणि पीयूसी. इंजिनाचे काम मुलांनी केले. हे कागद मात्र आमच्या कारकुनी हातांनी करायचे आहेत, आणि तिथेही आम्ही घाई करणार नाही.