उपनगराला वाङ्मयीन पत्ता असतो का?

आपल्या समीक्षेत ‘ग्रामीण साहित्य’ आणि ‘महानगरीय साहित्य’ अशा दोन प्रशस्त खोल्या आहेत. या दोन खोल्यांच्या मधल्या उंबरठ्यावर जे जीवन उभे असते, त्याला मात्र आपण जागा दिलेली नाही. उपनगर म्हणजे केवळ झोपण्यापुरते परतायचे ठिकाण, इतिहास आणि म्हणून साहित्य नसलेले, असा एक समज आपण वर्गातही अनवधानाने जोपासत असतो. हा समज तपासण्यासाठी आम्हांला तोक्योच्या पश्चिमेकडील सेतागाया या वॉर्डाचे उदाहरण महत्त्वाचे वाटते.

सुमारे ५८ चौरस किलोमीटरांचा आणि नऊ लाखांहून अधिक वस्तीचा हा वॉर्ड तोक्योच्या २३ विशेष वॉर्डांत लोकसंख्येने पहिला आहे. नकाशात दिसतात त्या रेल्वेच्या रेषा आणि त्यांच्या काठाने पसरलेली घरे. परंतु हे सारे शंभर वर्षांपूर्वी मुसाशिनोच्या पठारावरील शेते, बांबूची बने आणि सरपणासाठी राखलेली झाडी होते. या पठाराला आधुनिक साहित्यात आणले ते कुनिकिदा दोप्पो याने. त्याचा ‘मुसाशिनो’ हा निबंध १८९८ साली प्रसिद्ध झाला. तो लिहिण्यापूर्वी दोप्पो ज्या शिबुया खेड्यात राहत होता, ते आज जगातील अतिगजबजलेल्या चौकांपैकी एकासाठी ओळखले जाते! म्हणजे ‘शहराची वेस’ ही कधीच स्थिर वस्तू नव्हती. ती सतत सरकत होती, आणि ज्यांना ते सरकणे दिसले त्यांनी ते लिहून ठेवले.

अशांपैकी दुसरा तोकुतोमि रोका. ‘होतोतोगिसु’ या कादंबरीने त्याला अफाट लोकप्रियता दिली होती. १९०४ सालीच ती इंग्रजीत गेली. १९०६ मध्ये तो यास्नाया पोल्यानाला जाऊन टॉलस्टॉयना भेटला आणि पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, चितोसे गावातील कासुया येथे शेती करण्यासाठी राहायला गेला. टॉलस्टॉयच्या विचाराने भारलेले गांधीजी दक्षिण आफ्रिकेत ‘टॉलस्टॉय फार्म’ उभारतात ते १९१० साली. एकाच वृक्षाची ही दोन बीजे. पण पडली ती मात्र फार वेगळ्या मातीत.

रोका शेतकरी म्हणून यशस्वी झाला असे कोणी म्हणणार नाही. तो स्वतःच आपल्याला ‘सौंदर्यवादी शेतकरी’ असे थट्टेने म्हणवून घेई. त्याच्या खेड्यातील वर्षांतून ‘मिमिझु नो तावागोतो’ (गांडुळाची बडबड) हे पुस्तक १९१३ साली निघाले. त्यात निसर्गवर्णने आहेतच. पण आम्हांला अधिक मोलाची वाटते ती त्यातील व्यवहाराची नोंद. गावातले शेतकरी तोक्योत जाऊन मैला गोळा करून आणतात, त्याचे खत होते, त्यावर भाजी पिकते आणि ती पुन्हा शहरात जाते. शहर आणि गाव यांचे नाते इतक्या निःसंकोचपणे सांगणारा लेखक विरळाच. पुढे त्याच पुस्तकात रेल्वेच्या कामाची चाहूल लागते, जमिनीचे भाव चढतात, झाडी तोडून शेते काढली जातात. जणू राजधानी चाल करून येत आहे! आणि योगायोग असा की, पुस्तक निघाले त्याच १९१३ मध्ये केइओ रेल्वेचा त्या परिसरातून जाणारा पहिला मार्ग सुरू झाला.

येथे एक कठोर प्रश्न विचारलाच पाहिजे. शहराला कंटाळून खेड्यात आलेला प्रसिद्ध लेखक हाच शहराचा पहिला अग्रदूत नव्हता काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. शिवाय ज्यांच्या जमिनीवरून रेल्वे गेली, त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. आपल्याला दिसतो तो पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलेला गाव. रोका निष्पाप होता, असा आमचा दावा नाही. १९११ च्या जानेवारीत कोतोकू शूसुइ याला राजद्रोहाच्या खटल्यात फाशी दिल्यावर, फेब्रुवारीत विद्यार्थ्यांसमोर बंडखोरीचे समर्थन करणारे भाषण देण्याचे धैर्य त्याच्याकडे होते, आणि आपल्या अभ्यासिकेला त्याने शूसुइचेच नाव दिले. तेव्हा खेड्यात जाणे हे त्याच्या बाबतीत जगापासून पळणे नव्हते, एवढे मान्य करावे लागते. त्याचा दोष आणि त्याची दृष्टी एकाच जागेतून आल्या आहेत: तो दोन्हीकडचा होता.

१९२३ च्या भूकंपानंतर लोक पश्चिमेकडे सरकले. १९२७ मध्ये ओदाक्यू मार्ग सुरू झाला. त्याच वर्षी रोका वारला. १९३२ मध्ये सेतागाया वॉर्ड झाला आणि १९३६ मध्ये चितोसेही त्यात विलीन झाले. रोकाच्या पत्नीने घर व जमीन शहराला दिली. १९३८ पासून ते उद्यान आहे, आणि जवळचे स्थानक आज त्याच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे ज्या रेल्वेची चाहूल त्याने नोंदवली, तीच आज वाचकाला त्याच्या समाधीपाशी आणते. त्याच परिसरात १९९५ मध्ये सेतागाया साहित्य संग्रहालय उघडले. एका वॉर्डाने आपल्या हद्दीतील लेखन जपण्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उभारावे, ही गोष्ट आम्हांला विचार करायला लावते.

म्हणून आमचे मत असे: एखाद्या उपनगराची ओळख करून घ्यायची, तर त्याला ‘हरवलेले खेडे’ किंवा ‘अपुरे शहर’ समजणे सोडले पाहिजे. त्या सरकत्या सीमेचे स्वतःचे वाङ्मय असते. ते ओळखणारी संज्ञा आपल्याकडे नाही, एवढेच. रोकाचे पुस्तक आपल्या दोन्ही खोल्यांत मावत नाही. तेव्हा नवी खोली बांधायची की मधली भिंत पाडायची, हे आपण समीक्षक म्हणून ठरवायला हवे. पण निदान वर्गात हा प्रश्न विचारायला सुरुवात व्हावी. उपनगरातून रोज गाडीने येणारा विद्यार्थी समोरच्या बाकावर बसलेला असतो, आणि आपण त्याला सांगत असतो की साहित्य एकतर गावात घडते किंवा महानगरात.