आरा गेला, धुऱ्यावरचा साग राहिला

वरूडहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाताना रस्त्यालगतच्या एका पडीक जागेत सिमेंटचा ओटा दिसतो. ओट्यात चार जाड बोल्ट गंजून उभे आहेत. बाजूला लांबट खड्डा, त्यात तरोटा माजलेला. आजच्या पोरांना विचाराल तर कोणी म्हणेल पंपाचा ओटा, कोणी म्हणेल वजनकाट्याची जागा. म्हाताऱ्या माणसाले विचारा, तो लगेच सांगते, "अजी, हा तं आरा होता!"

आरा म्हणजे नुसतं लाकूड चिरायचं यंत्र नव्हतं. वावरातली बाभूळ बंडीत घालून आणायची आणि वखराचं, तिफनीचं लाकूड चिरून न्यायचं. घराच्या चौकटी, गोठ्याच्या बल्ल्या, संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या अशाच आऱ्यांवर तयार होत. भुसासुद्धा वाया जात नसे. भुशाच्या शेगडीवर कितीतरी घरचा स्वयंपाक झाला.

पुढे पेटीच्या जागी प्लॅस्टिकचं क्रेट आलं, वखराच्या जागी ट्रॅक्टर आला, चौकटी लोखंडाच्या झाल्या. त्यातच १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. केंद्राच्या मंजुरीशिवाय वनात चालणाऱ्या आरागिरण्या बंद करा, असं त्यात होतं. ऑक्टोबर २००२ मध्ये नव्या गिरण्यांवरही बंधन आलं. गावोगावचे आरे असे चहूबाजूंनी कोंडीत सापडले.

हे सगळं वाईटच झालं, असं आम्ही म्हणणार नाही. रात्री आलेलं खोड कोणत्या जंगलातलं, हे आरा विचारत नव्हता. जंगल उघडं पडलं तर पाणी कुठून थांबणार, हे वरूड-मोर्शीच्या माणसाला सांगायची गरज नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात संत्र्याच्या वाळलेल्या बागा आपण डोळ्यांनी पाहिल्या आहेत. जंगल वाचवायलाच पाहिजे.

पण शेतकऱ्याने स्वतःच्या धुऱ्यावर वाढवलेला साग जंगलातला नाही. संत्रा दगा देतो, कपाशीला भाव मिळत नाही, तेव्हा हाच साग लेकीच्या लग्नाला नाहीतर कर्जाच्या हप्त्याला कामी येतो. गावचा आरा होता तोवर आपल्या झाडात लाकूड किती निघालं हे मालक समोर उभा राहून पाहत होता. आज व्यापारी वावरात येतो, झाडाकडे मान वर करून पाहतो आणि ठोक रक्कम सांगतो. कागदपत्रांची कटकट आपल्यामागे नको म्हणून शेतकरी हो म्हणतो. वीस-पंचवीस वर्षांची राखण दहा मिनिटांत, नजरेच्या मापाने विकली जाते.

यावर पहिला उपाय आपल्याच हाती आहे. खोडाच्या मध्यावर दोरीने घेर मोजा. घेराचा चौथा हिस्सा घ्या, त्याला त्याच संख्येने गुणा, मग लांबीने गुणा. चार फूट घेर आणि दहा फूट लांबी असेल तर दहा घनफूट माल झाला. या हिशेबात खऱ्या मापापेक्षा सुमारे पाचवा हिस्सा कमी धरला जातो. म्हणजे व्यापाऱ्याची तूट त्यात आधीच निघालेली असते. पुन्हा तुटीच्या नावाने कापू देऊ नका.

दुसरा उपाय कागदाचा. साग, आंबा, चिंच, मोह ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात. परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. साग तोडायचा म्हटलं की सातबाऱ्यावर झाडाची नोंद आहे काय, हा प्रश्न हमखास येतो. २०२१ पासून राज्यभर चालू असलेल्या ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद करायची सोय आहे. कपाशी, तूर नोंदवताना झाडंही नोंदवा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने वाहतूक पासासाठी ऑनलाइन व्यवस्था सुरू केली खरी. पण सातबाऱ्यावर झाडच नसेल तर ऑनलाइनचा काय उपयोग?

तलाठी आणि वनपाल यांना आमचं एवढंच सांगणं आहे, की वर्षातून एक दिवस ठरवून दोघांनी एकत्र ग्रामपंचायतीत बसावं. झाडांच्या नोंदी तपासाव्या, अर्ज तिथंच घ्यावे. एका झाडासाठी शेतकऱ्याचे चार खेटे वाचतील.

राहिला प्रश्न आऱ्याचा. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लाकूड गिरण्यांच्या परवानगीचा विचार राज्यस्तरीय समिती करते. परिसरात लाकूड किती मिळेल, हे त्यासाठी दाखवावं लागतं. म्हणजे इथेही नोंदच पाहिजे. दहा गावांच्या धुऱ्यांवर साग किती उभा आहे, हे कागदावर आलं तरच शेतकऱ्यांच्या गटाला नोंदणीकृत झाडांपुरता आरा मागता येईल. चोरीचं लाकूड त्यावर चढणार नाही, याची हमीही त्याच नोंदीतून देता येईल.

तो जुना ओटा पुन्हा चालू होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण पुढचा व्यापारी वावरात येण्याआधी दोरी घेऊन धुऱ्यावर जा आणि आपली झाडं मोजून ठेवा.