विजेचे कीर्तनकार आणि आमची वस्ती

शहरात हल्ली एक नवा स्वयंसेवक निघालाय. तो देवाचं सांगत नाही, पक्षाचं सांगत नाही. विजेच्या गाडीचं सांगतो. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार शेजारी गोळा करतो, स्वतःची गाडी उघडून दाखवतो, म्हणतो, बसा, चालवून बघा. किलोमीटरला पैसे किती पडतात, रात्री वायर लावून झोपलं की सकाळी गाडी कशी भरलेली असते, कमिटीकडून चार्जिंगची परवानगी कशी काढायची, हे सगळं तो फुकट सांगतो. कंपनीचा पगार त्याला नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला पटवायचं, ही त्याची रीत.

ही रीत अमेरिकेत जुनी आहे. तिथे इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन नावाची हौशी लोकांची संघटना १९६७ पासून आहे. २०११ साली तिथे विजेच्या गाड्यांचा एक दिवस साजरा झाला, पुढे त्याचा आठवडा झाला. माणसं आपापली गाडी घेऊन मैदानात येतात आणि परक्याच्या हातात चावी देतात. जाहिरातीनं होत नाही ते काम शेजाऱ्याच्या शब्दानं होतं, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडेही आता तेच चाललंय.

या माणसाला आम्ही शिव्या देणार नाही. धूर कमी व्हावा असं त्याला मनापासून वाटत असेल. पण धूर आम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळतो. गोदीच्या रस्त्याला ट्रेलरच्या रांगा लागतात, इंजिनं चालू, आणि रे रोडपासून वडाळ्यापर्यंत त्याच रस्त्याच्या कडेला आमची पोरं झोपतात. माहूलचं बघा. २०१५ साली हरित लवादानं सांगितलं की तिथली हवा माणसाच्या तब्येतीला धोक्याची आहे. तरी २०१७ पासून तानसा पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्या तोडून माणसं तिथेच, रिफायनरीच्या तोंडाशी नेऊन टाकली. धूर सगळ्यांना सारखा लागतो असं जो सांगतो, त्यानं एक रात्र माहूलला काढावी.

तेव्हा विजेची गाडी वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. प्रश्न दुसराच आहे. हा स्वयंसेवक म्हणतो, ‘आपल्या समाजात’ प्रचार करा. त्याचा समाज कुठे सुरू होतो नि कुठे संपतो? तो गेटपाशी सुरू होतो आणि पार्किंगच्या पट्ट्यांत संपतो. ज्याला गाडी उभी करायला जागा, तो समाज. ज्याला पाय पसरून झोपायला जागा नाही, तो समाजाच्या बाहेर. गावकूस गेलं, त्याच्या जागी वॉचमन आला.

आणि सरकार याच समाजाला हात देतं. २०२५ साल आठवा. मे महिन्यात बेस्टचं कमीत कमी भाडं ५ रुपयांचं १० रुपये झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसना टोल माफ झाला. मोटारीला तिथे एका खेपेला २५० रुपये पडत होते. आता विजेच्या मोटारवाल्याला ते माफ आणि बसमधल्या बाईला ५ रुपये जादा. हा पूल आमच्या शिवडीच्या डोक्यावरून जातो. त्यावर स्कूटरला बंदी, रिक्षाला बंदी. म्हणजे डिलिव्हरीचं पोरगं विजेच्या स्कूटरवर बसलं तरी त्याला माफी नाही, कारण त्याला पूलच नाही! गोदीतून हजारो मोटारी बोटीत चढताना आम्ही बघितल्यात. चढवणाऱ्या हातांपैकी एकाच्याही दारात तसली मोटार उभी नाही. माफी कुणाला झाली हे यावरून समजून घ्या.

आता गंमत ऐका. स्वयंसेवक आमच्या वस्तीत आलाच नाही, पण विजेची गाडी मात्र आली. या देशात विकल्या जाणाऱ्या विजेच्या गाड्यांत मोटारी थोड्या, दुचाकी आणि तीनचाकीच जास्त. त्यातली कितीतरी आमच्या पोरांच्या मांडीखाली आहेत. पण मालकीची नाहीत, भाड्याची. ताशी २५ किलोमीटरच्या वर न पळणाऱ्या छोट्या गाडीला लायसन लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. म्हणून ज्याच्याकडे काहीच नाही तो पोरगा तीच घेतो. आठवड्याचं भाडं आधी कापलं जातं, पोटाचं नंतर. पडला, पाय मोडला, तर गाडीवाली कंपनी म्हणते आमचा नोकर नाही, जेवणवाली कंपनी म्हणते आमचा भागीदार आहे. च्यायला, असला भागीदार कुठे बघितलाय, ज्याला गिऱ्हाईकाच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टसुद्धा वेगळी!

ज्यानं कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली त्याचं वेगळं मरण. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, शिडीवरचा माळा, मीटर एक आणि त्यावर चार बिऱ्हाडं. बॅटरी काढून वर न्यायची आणि गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर, पोरांच्या उशाशी रात्रभर चार्जिंगला लावायची. आग लागली तर पळायला बोळ तीन फुटांचा. सोसायटीतल्या चार्जिंगवर व्याख्यानं होतात, या उशाशी ठेवलेल्या बॅटरीवर कुणी बोलत नाही.

महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्याच्या पाण्याला हात लावला, तो सार्वजनिक पाणवठा सगळ्यांचा आहे हे सांगायला. आज चार्जिंगचा खांब हा तसाच पाणवठा होणार आहे. तो कुणाच्या दारात रोवला जातो आणि कुणाला दुरून हाकलतो, हे आत्ताच ठरतंय. २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगच्या जागांसाठी २,००० कोटी रुपये ठेवले. हा पैसा सार्वजनिक आहे. त्यातला खांब वस्तीच्या नाक्यावर, समाजमंदिराच्या भिंतीला का नको? मागितल्याशिवाय तो येणार नाही.

आणि वीज म्हणजे श्रीमंताची चैन, आपलं तिच्याशी काय, असं म्हणणाऱ्या आपल्या पोरांनी बाबासाहेब वाचावेत. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज त्यांच्याच खात्याकडे होती. १९४३ साली वीजधोरणाच्या समितीपुढे त्यांनी मांडलं की वीज स्वस्त हवी आणि भरपूर हवी, कारण विजेशिवाय कारखानदारी नाही आणि कारखानदारीशिवाय या देशाची गरिबी हटत नाही. पुढे १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये त्यांनी मुख्य उद्योग सरकारच्या मालकीचे करा असं लिहिलं. वीज हा आमच्या बापाचा विषय आहे. तो आम्ही पार्किंगवाल्यांच्या हाती का सोडायचा?

एक गोष्ट कीर्तनात गाळली जाते. गाडीच्या मागे धूर नाही, पण विजेच्या मागे आहे. महाराष्ट्राची वीज अजून बरीचशी कोळशावर आहे. २,९२० मेगावॅटचं मोठं कोळशाचं केंद्र चंद्रपूरला. ज्या चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याच चंद्रपूरची माणसं राख खातात. बॅटरीतला कोबाल्ट बहुतेक कांगोतून येतो, तिथे पोरं हातानं खाणी उकरतात. आणि ती बॅटरी मेल्यावर? २०२२ साली बॅटरीच्या कचऱ्याचे नियम झाले, कागदावर छान आहेत. भंगाराच्या गल्लीत ती फोडणारा हात कुणाचा असतो, तो जाऊन बघा. मेलेलं ढोर ओढायचं काम गावानं आमच्या बापजाद्यांवर लादलं होतं, ते त्यांनी बाबासाहेबांच्या शब्दावर टाकून दिलं. आता मेलेली बॅटरी आमच्या पोरांनी ओढायची काय?

तर दोस्तांनो, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला सांगायचं ही रीत चांगली आहे. ती आपण उचलू. आपल्याला ती नवीन नाही. समता सैनिक दलाचा सैनिकही बिनपगारीच होता आणि घरोघर जात होता. पण तो काही विकत नव्हता. आपल्या प्रत्येक वस्तीतून दोन पोरं, दोन पोरी उभ्या राहू देत. गाडी घ्या असं सांगायला नव्हे. वस्तीत किती भाड्याच्या गाड्या आहेत, किती बॅटऱ्या उशाशी जळतात, किती जणांचा अपघात होऊन कुणी विचारलं नाही, याची वही त्यांनी घालावी. ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसला जावं, वीज कंपनीला जावं. नाक्यावर खांब मागावा, घरोघर स्वतंत्र मीटर मागावा. भाड्याच्या गाडीवरच्या पोराला कामगार म्हणून लिहून घ्या म्हणावं. बॅटरी फोडणाऱ्याला हातमोजे, दवाखाना आणि पगार द्या म्हणावं.

आणि सगळ्यात आधी बस मागावी. शंभर मोटारी विजेच्या झाल्या तर शंभर घरांचं पेट्रोल वाचेल, एक बस विजेची झाली तर सगळी वस्ती कामावर जाईल. पण ती बस बेस्टच्या मालकीची हवी आणि तिचा ड्रायव्हर कायम नोकरीतला हवा. ठेकेदाराच्या बसचे ड्रायव्हर २०२३ च्या ऑगस्टमध्ये पगारासाठी संपावर गेले. २०२४ च्या डिसेंबरात कुर्ल्याला विजेची बस गर्दीत घुसून माणसं मेली, तेव्हा ड्रायव्हरला असली बस चालवायचं पुरेसं शिक्षणच नव्हतं ही गोष्ट बाहेर आली. ठेक्यावरची वीजही माणसं मारते.

पार्किंगमधल्या स्वयंसेवकाला आमचं एवढंच सांगणं: तुझी गाडी तुला लखलाभ. पुढच्या रविवारी गेटच्या बाहेर ये. आमच्यासोबत बस मागायला उभा राहिलास, तर तुझा समाज आणि आमचा समाज एक आहे असं समजू. नाही आलास, तर खांब आम्ही आमच्या हातानं रोवून घेऊ. रोवायचं काम तसंही आजवर आम्हीच करत आलोय.

जयभीम!