बॉन्डचं वर्ष संपलं की डॉक्टर का जातो?

गेल्या आठवड्यात आहुपे भागातल्या एक मावशी तपासायला आल्या होत्या. पिशवीतून बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी काढता काढता म्हणाल्या, "साहेब, आमच्या सरकारी दवाखान्यातला पोरगा बरा होता. हात लावून तपासायचा. वर्ष भरलं आन् गेला. आता नवा आलाय, त्यो बी जाईल." तक्रारीचा सूर नव्हता. एसटीची वेळ बदलली हे सांगावं तसं सांगत होत्या.

तो पोरगा म्हणजे बॉन्डवरचा डॉक्टर. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये दंड भरायचा, असा आपल्या राज्यातला नियम. एमडी, एमएस झालेल्यांना हाच दंड पन्नास लाख. खेड्यात डॉक्टर का टिकत नाहीत ही चर्चा निघाली की ती इथेच येऊन थांबते: दंड वाढवा, सक्ती कडक करा. मला वाटतं, आपण दोरी चुकीच्या टोकाला धरलीय. तिथे गेल्यावर जे काम करायचं, ते त्या मुलाला कुणी शिकवलंय का, हे आधी विचारायला हवं.

मला कुणी शिकवलं नव्हतं. एमबीबीएस होऊन एका आरोग्य केंद्रावर रुजू झालो, त्याला आता जवळजवळ तीस वर्षं होतील. श्रावणातली पहाट होती. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन घरचे आले. पोटात दुखतंय, घसा दुखतोय, एक उलटी झाली. अंगावर कुठे जखम नाही. मी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि पडू द्या म्हणालो. आमचे कंपाऊंडर वीस वर्षं त्याच केंद्रावर होते. ते हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, पोरगं खाली झोपलं होतं. पापण्या बघा."

पापण्या खाली आल्या होत्या. मण्यार चावला होता.

मण्यारचं विष नसेच्या कोणत्या टोकावर काम करतं हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. पण मण्यार चावलेला माणूस पाहिला नव्हता. फ्रीजमध्ये होत्या तेवढ्या प्रतिसर्पविषाच्या बाटल्या दिल्या आणि जीप काढली. वाटेत श्वास मंदावला, तेव्हा तोंडावर मास्क धरून फुगा दाबत राहिलो. हा फुगा त्याआधी मी फक्त प्लॅस्टिकच्या बाहुलीवर वापरला होता. हात भरून आले की मुलाचा मामा दाबायचा. शहरातल्या रुग्णालयात तो चार दिवस व्हेंटिलेटरवर होता आणि चालत घरी गेला. तो वाचला ते कंपाऊंडरांमुळे. तो प्रसंग आठवला की आजही पोटात खड्डा पडतो, कारण ते त्या रात्री रजेवर असते तर?

पुढे मी एमडी केलं. तिथे मला मॉनिटर, सीटी स्कॅन आणि हाताशी पाच विषयांचे तज्ज्ञ असताना रुग्ण कसा सांभाळायचा ते उत्तम शिकवलं. पण खेड्यातल्या डॉक्टरला याच्या उलट शिकावं लागतं. एक्स-रे नसताना बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायचा. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही, रक्तपेढी दोन तासांवर आहे, तोवर काय करायचं. हिरड्याच्या झाडावरून पडलेल्या माणसाची मान न हलवता त्याला गाडीत कसं घालायचं. फवारणीचं औषध प्यायलेल्याला ॲट्रोपिन किती आणि कधीपर्यंत द्यायचं. जुन्नर-आंबेगावात बिबट्याच्या जखमाही येतात. त्या शिवण्याची घाई करायची नसते, आधी धुवायच्या आणि रेबीजचा विचार करायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे कुणाला ठेवून घ्यायचं, कुणाला लगेच पुढे पाठवायचं, हे एकट्यानं ठरवायचं. हे शहरातल्या डॉक्टरीचं अर्धंमुर्धं रूप नाही, ती वेगळी विद्या आहे.

हे जगात काहींनी ओळखलंय. ऑस्ट्रेलियात १९९७ साली ग्रामीण आणि दुर्गम भागाच्या वैद्यकासाठी स्वतंत्र कॉलेज स्थापन झालं. तिथलं प्रशिक्षण चार वर्षांचं. त्यात सगळ्या विषयांचा पाया पक्का करायचा आणि निदान एक वर्ष भूल, प्रसूती, शस्त्रक्रिया यांसारखं एक जादा कौशल्य हातात बसवायचं. हे बरंचसं शिकवतात छोट्या गावांच्या रुग्णालयांतच. क्वीन्सलँड राज्यानं तर २००७ पासून त्यासाठी वेगळी वाट आखली, जिथे शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून पुढची पायरी माहीत असते.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक दिलं जातं, मुलं त्या गावात राहतात. कुटुंबवैद्यकात तीन वर्षांचं डीएनबी आहे. आता एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येकाला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. चांगली गोष्ट, पण जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे आहुपे नव्हे. एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांत भूल द्यायला किंवा सिझेरियन करायला शिकवण्याची केंद्र सरकारची योजनाही चांगली होती. अडचण अशी झाली की शिकून परतलेल्या अनेकांचे हात रिकामेच राहिले. भूल देणारा एका केंद्रावर, सिझेरियन करणारा दुसऱ्या.

आणखी एक वाट आहे, जिच्याबद्दल मला मनापासून शंका आहे. दुर्गम भागात काही वर्षं सेवा केलेल्या सरकारी डॉक्टरला एमडीच्या प्रवेशात जादा गुण किंवा राखीव जागा मिळते. हेतू चांगला. पण होतं काय, की गावातली नोकरी ही गावातून बाहेर पडण्याची शिडी बनते. साप-विंचू सांभाळायला शिकलेला माणूस पुढे त्वचारोग किंवा रेडिओलॉजी घेऊन शहरात बसतो. त्याला दोष कसा देणार? गावातच राहून वर चढायला आपण पायऱ्याच बांधलेल्या नाहीत.

अपवाद अर्थातच आहेत, आणि ते महाराष्ट्रातच आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर होते. लाल विंचू चावलेली माणसं डोळ्यांसमोर मरताना पाहून त्यांनी एकेका रुग्णाच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पुढे प्राझोसिन या साध्या गोळीनं उपचारच बदलला. आपल्या शेजारी नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर असंच चिवट काम केलंय. पण हे लोक स्वतःच्या हिमतीवर शिकले. दरवर्षी बाहेर पडणाऱ्या हजारो मुलांकडून तशी अपेक्षा धरणं म्हणजे पोहायला न शिकवता डिंभ्याच्या धरणात ढकलणं.

मला हवं ते फार मोठं नाही. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय आणि पश्चिमेकडची आरोग्य केंद्रं मिळून एक शाळा व्हावी. तीन वर्षांची, पदवी देणारी, एमडीच्या तोडीच्या पगाराची. पहिलं वर्ष वरिष्ठांच्या हाताखाली मंचरला. मग भूल किंवा प्रसूती, एक कौशल्य पुरतं. शेवटी आरोग्य केंद्रावर, पण फोनच्या पलीकडे रात्री दोनलाही शिक्षक हजर. आणि प्रवेश देताना याच भागातल्या मुलामुलींना आधी घ्या. खेड्यात वाढलेला डॉक्टर खेड्यात राहण्याची शक्यता जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

"म्हणजे गावाला दुय्यम डॉक्टर देणार का?" असं काही सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पूर्वी कमी मुदतीचा एलएमपी अभ्यासक्रम होता. डॉक्टरांच्या दोन पायऱ्या नकोत म्हणून १९४६ साली भोर समितीनं तो बंद करायची शिफारस केली. मी अभ्यास कमी करा म्हणत नाही, एमबीबीएसनंतर आणखी तीन वर्षं म्हणतोय. दुय्यम तर आजची पद्धत आहे. खुद्द सरकारी आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के कमी होते. तिथल्या रुग्णाच्या वाट्याला दुय्यमही येत नाही.

ही शाळा होईल तेव्हा होईल. तोवर पावसाळ्यात एवढं करा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री किंवा पहाटे अचानक पोटात दुखायला लागलं, घसा दुखला, पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण दिसली नाही तरी मण्यार समजा. १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. मांत्रिक नको, घट्ट आवळपट्टी नको. आणि तिथला तरुण डॉक्टर पोटदुखीची गोळी लिहू लागला, तर न लाजता सांगा, "डॉक्टर, हा खाली झोपला होता."